करवंटीच्या कोळशाने पाण्यातले जड धातू काढायचे असतील तर: प्रोजेक्टवाल्या पोरांसाठी आणि छोट्या प्लेटिंगवाल्यांसाठी

नारळाची करवंटी, उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं यांच्यापासून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं असलेला कोळसा, बनवता येतो आणि त्याने पाण्यातलं शिसं, तांबं, निकेल, क्रोमियम चांगल्यापैकी काढता येतं. बीएस्सी-एमएस्सीला दरवर्षी कोणीतरी हा प्रोजेक्ट घेतंच. पण बहुतेक रिपोर्टमध्ये "९५ टक्के धातू निघाला" असं लिहिलं की विषय संपतो. निघाला म्हणजे गेला कुठे? शिसं हे मूलद्रव्य आहे, ते जळून नाहीसं होत नाही, कुजत नाही, जिवाणू खाऊन टाकत नाहीत. पाण्यातून निघालं म्हणजे कोळशावर जाऊन बसलं, बास. तो कोळसा नंतर ओढ्यात गेला तर एवढी मेहनत करून आपण धातूला फक्त फिरवून आणलं. म्हणून खाली जी पद्धत लिहितेय ती करवंटी फोडण्यापासून वापरलेला कोळसा कुठे द्यायचा इथपर्यंत सगळी एकच पद्धत समजा, अर्ध्यावर सोडायची नाही.

पुण्यात हे शिकायला कारण पण आहे. भोसरी, पिंपरी, चाकण भागात प्लेटिंग (धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा), फॉस्फेटिंग, पावडर कोटिंगची छोटी छोटी युनिटं भरपूर आहेत. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पवना दापोडीला मुळेत येते, मुळा-मुठा पुढे जाऊन भीमेलाच मिळते आणि हे सगळं पाणी उजनीत जमा होतं, जिथून सोलापूर पाणी पितं. आपल्या नाल्यात जे सोडू ते कोणाच्या तरी हंड्यात जाणार आहे, हे डोक्यात ठेवूनच काम करायचं.

आधी दोन गोष्टी स्पष्ट

पहिली, घरी किंवा कॉलेजात बनवलेल्या कार्बनमधून गाळलेलं पाणी प्यायचं नाही. कितीही स्वच्छ दिसलं तरी नाही. धातू डोळ्याला दिसत नाहीत, चव नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकातल्या मर्यादा बघा: शिसं ०.०१ मिग्रॅ प्रति लिटर, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२, एकूण क्रोमियम ०.०५, पारा ०.००१. एवढ्या बारीक आकड्यांची खात्री घरच्या सेटअपवर देता येत नाही. घरी बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि शंका आहे, तर टेस्ट करून घ्या आणि धातू खरंच सापडले तर चांगला आरओ लावा किंवा पाण्याचा सोर्सच बदला. आणि आपल्याकडे बेसाल्ट खडक, त्यामुळे बोअरच्या पाण्याचा नेहमीचा त्रास असतो तो क्षारांचा. बादलीवर पांढरा थर बसतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, त्याला कार्बन काहीच करत नाही, नायट्रेटलाही फारसं काही करत नाही.

दुसरी, टेस्ट केल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. कोणता धातू आहे आणि किती आहे हे माहीत नसेल तर कार्बन किती घ्यायचा, पीएच किती ठेवायचा, काहीच ठरवता येत नाही. एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅब शहरात आहेत, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, तिथे चौकशी करा. सॅम्पलची बाटली लॅबकडूनच घ्या, प्लास्टिकची असते, आणि बहुतेक धातूंसाठी त्यात थोडं नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच २ च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. फक्त हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) बघायचं असेल तर तसं आधी सांगा, त्याचं सॅम्पल अ‍ॅसिड न घालता थंड ठेवून २४ तासांच्या आत पोचवावं लागतं.

कच्चा माल

माझं मत विचाराल तर करवंटीच घ्या. घट्ट असते, राख कमी, कोळसा कडक होतो आणि पाण्यात भुगा होत नाही. मंडईत, देवळाबाहेर, हॉटेलांच्या मागे पोत्यांनी मिळते. नारळाची घ्यायची, शहाळ्याची नको, ती कोवळी असते, वाळायला फार वेळ लागतो आणि कोळसा हलका होतो. उसाचं चिपाड फुकट मिळेल पण त्याचा कोळसा ठिसूळ, कॉलमला, म्हणजे पाणी सोडायच्या नळीत, भरला की चिखल होऊन पाणी अडतं. बॅच टेस्टला, म्हणजे बाटलीत टाकून हलवण्याला, तो चालतो. बाभळीचं लाकूड, चिंचोके, भुईमुगाची टरफलं सगळ्यांवर काम झालेलं आहे. भाताच्या तुसात सिलिका खूप, त्यामुळे राख जास्त, नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

करवंटीची शेंडी पूर्ण तासून काढा, आतलं खोबरं खरवडून काढा (तेल राहिलं तर धूर आणि वास दोन्ही), धुवा, तीन-चार कडक उन्हं द्या, मग हातोडीने फोडून २ ते ५ मिलिमीटरचे तुकडे करा. पोत्यात गुंडाळून फोडा, तुकडे डोळ्यात उडतात.

साधा कोळसा

हा बनवायचाच, कारण तुलना करायला लागतो. १५ किलो तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. रंगाचा जुना डबा अजिबात नको, रंगातच शिसं असू शकतं. गॅल्व्हनाइज्ड बादलीही नको, तापली की जस्ताचा धूर येतो. डब्यात तुकडे भरा, झाकण घट्ट बसवा, झाकणाला खिळ्याएवढं एक भोक ठेवा आणि डबा मोकळ्या जागेत चुलीवर ठेवा. मोकळी जागा म्हणजे खरंच मोकळी, फ्लॅटच्या गॅलरीत किंवा बंद शेडमध्ये नाही, कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि तो कळत नाही. आधी भोकातून दाट पिवळट-पांढरा धूर येतो, मग तोच वायू भोकाशी पेट घेतो आणि छोटी ज्योत चालू राहते. ज्योत विझत आली, धूर पातळ निळसर झाला की झालं. डबा उतरवून भोक लगेच ओल्या मातीने बुजवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना झाकण उघडलं की आत हवा जाते आणि सगळा कोळसा भडकून राख होते.

चांगला झालेला तुकडा काळाकुळकुळीत, मोडलेल्या बाजूला चकाकतो आणि टाकला तर काचेसारखा खणकन वाजतो. तपकिरी दिसला तर कच्चा आहे, परत तापवा. सुक्या करवंटीच्या वजनाच्या २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास कोळसा मिळतो.

हा अजून अ‍ॅक्टिव्हेटेड नाही. यूट्यूबवर याच कोळशावर लिंबाचा रस टाकून रात्रभर ठेवलं की अ‍ॅक्टिव्हेटेड झाला असं दाखवतात. तसं होत नाही. कोळशात बारीक छिद्रांचं जाळं तयार व्हायला केमिकल आणि तापमान दोन्ही लागतं, किंवा मग ८०० ते ९०० अंशाला वाफ सोडावी लागते, जे कारखान्याचं काम आहे.

अ‍ॅसिड अ‍ॅक्टिव्हेशन

हे फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली, गॉगल आणि ग्लोव्हज घालून, सरांना किंवा मॅडमना सांगून. फॉस्फोरिक अ‍ॅसिडची पद्धत मला सगळ्यात बरी वाटते, कारण तापमान कमी लागतं, कॉलेजची मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी) पुरते, आणि धातूंसाठी लागतो तसा पृष्ठभाग यातून मिळतो (त्याचं कारण पुढे सांगते).

इथे बरेच जण गोंधळतात: फॉस्फोरिक अ‍ॅसिड तयार कोळशाला नाही लावायचं, कच्च्या करवंटीच्या भरड पुडीला लावायचं. अ‍ॅसिड लाकडातल्या सेल्युलोज-लिग्निनवर काम करतं, ते जळून गेल्यावर काम करायला काही उरतच नाही. ५० ग्रॅम सुकी पूड घ्या. वजनाला वजन अ‍ॅसिड धरलं तर ८५ टक्केवालं साधारण ३५ मिलि लागतं. ते ६५ मिलि डिस्टिल्ड पाण्यात हळूहळू ओता, अ‍ॅसिड पाण्यात, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही, आणि त्यात पूड भिजवून रात्रभर ठेवा. सकाळी ओव्हनमध्ये ११० अंशाला सुकवा, काळपट चिकट गोळा होतो, तसाच व्हायला पाहिजे. मग झाकणाच्या क्रुसिबलमध्ये भरून फर्नेसमध्ये मिनिटाला ५ ते १० अंश या वेगाने ४५० ते ५०० पर्यंत न्या, तिथे एक तास ठेवा आणि फर्नेस बंद करून आतच थंड होऊ द्या. क्रुसिबल काठोकाठ भरू नका, मिश्रण फुगतं.

आता धुणं. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि सगळा प्रोजेक्ट यावरच उभा आहे. गरम डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, बसू द्यायचं, वरचं ओतायचं, परत गरम पाणी. पहिल्या काही धुण्यांना पीएच पेपर लालभडक होतो, मग केशरी, मग पिवळट, आणि तिथे येऊन तासन्‌तास अडकतो, कारण आतल्या छिद्रांतलं अ‍ॅसिड हळूहळू बाहेर येतं. धुतल्यावर पीएच ६ ते ७ दिसला तरी कोळसा स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवून परत बघा, पुन्हा खाली आला तर अजून धुणं बाकी आहे. घाई करू नका, कारण फॉस्फेट आत राहिलं आणि तुम्ही शिशाची टेस्ट केली तर शिसं आणि फॉस्फेट मिळून साका (न विरघळणारा गाळ) होऊन खाली बसतो. रिपोर्टवर ९९ टक्के येतं, सगळे खूश, आणि ते कार्बनचं काम नसतंच. दुसऱ्यांदा तोच कार्बन वापरला की आकडा धाडकन पडतो. धुण्याचं आंबट पाणी सिंकमध्ये तसंच सोडू नका, चुन्याने न्यूट्रल करा.

धुतलेला कार्बन १०५ ते ११० अंशाला सुकवा, चाळा, बॅच टेस्टला ६० ते १०० मेशमधला (चाळणीच्या जाळीचा नंबर) भाग घ्या, हवाबंद डब्यात ठेवा.

विकतचा कार्बन का नाही?

हा प्रश्न येतोच, आणि रास्त आहे. बाजारात करवंटीचा वाफेने अ‍ॅक्टिव्हेट केलेला कार्बन मिळतो, आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिग्रॅ आयोडीन धरतो तो आकडा) ९००-१००० वगैरे छापलेला असतो, आणि क्लोरीन, वास, रंग, कीटकनाशकं यासाठी तो एक नंबर आहे. पण आयोडीनच्या रेणूवर विद्युतभार नसतो, तो छिद्रात जाऊन बसतो. शिसं किंवा निकेल पाण्यात असतं ते धनभारित आयनच्या रूपात, भोवती पाण्याचे रेणू गुंडाळून, त्याला नुसती जागा नको असते, धरून ठेवणारा हात हवा असतो. ते हात म्हणजे पृष्ठभागावरचे ऑक्सिजनचे गट, कार्बोक्सिल, फिनॉलिक, आणि फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाल्या कार्बनवर फॉस्फेटचे गट पण. वाफेवाल्या कार्बनवर हे कमी असतात कारण तेवढ्या तापमानाला ते उडून जातात. म्हणून आयोडीन नंबर जास्त म्हणजे धातू जास्त निघणार असं समीकरण नाही. मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून निळा रंग गेला की कार्बन ॲक्टिव्ह झाला एवढं कळतं, ती झटपट टेस्ट जरूर करा, पण धातूबद्दल तिच्यावरून काही बोलू नका.

बॅच टेस्ट

पहिल्या वेळी तांब्याने करा. मोरचूद मिळायला सोपं, आणि शिसं-कॅडमियमच्या मानाने हाताळायला बरं. मोरचूद ३.९३ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की तांब्याचं १००० मिग्रॅ प्रति लिटरचं स्टॉक तयार, त्यातून ५० मिलि घेऊन एक लिटर केलं की ५० चं. शिशासाठी लेड नायट्रेट १.६० ग्रॅम, क्रोमियमसाठी पोटॅशियम डायक्रोमेट २.८३ ग्रॅम, पण हे दोन्ही विषारी, डायक्रोमेट तर कॅन्सर करणारं, त्यामुळे हात बसल्यावरच.

१०० मिलि द्रावण बाटलीत घ्या, पीएच ५ च्या आसपास आणा, ०.२ ग्रॅम कार्बन टाका, शेकरवर ठेवा. ५, १५, ३०, ६०, १२०, १८० मिनिटांनी वेगवेगळ्या बाटल्या काढा. एकाच बाटलीतून परत परत सॅम्पल काढलं तर व्हॉल्यूम बदलतो आणि हिशेब चुकतो. गाळताना पहिले काही मिलि टाकून द्या, फिल्टर पेपर स्वतःच थोडा धातू ओढतो.

मोजायचं कसं? अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन असेल तर उत्तम. नसेल तर तांब्यात अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो तो कलरीमीटरवर मोजता येतो, पण ही पद्धत १०० मिग्रॅच्या खाली भरवशाची नाही, त्यामुळे ती वापरायची असेल तर सुरुवातच ५०० च्या द्रावणाने करा आणि कार्बनही त्या हिशेबाने वाढवा. हेक्साव्हॅलंट क्रोमियमला डायफिनाइलकार्बाझाइडने जांभळट गुलाबी रंग येतो, ५४० नॅनोमीटरला वाचायचा, ती पद्धत मात्र १ मिग्रॅच्या खालीही छान चालते.

हिशेब असा: सुरुवातीचं प्रमाण वजा शेवटचं, गुणिले लिटर, भागिले कार्बनचे ग्रॅम. समजा ५० चं ६ झालं, तर ४४ गुणिले ०.१ भागिले ०.२, म्हणजे एका ग्रॅमने २२ मिग्रॅ धरलं, आणि टक्क्यात ८८. आता समजा कार्बन १ ग्रॅम टाकला आणि शेवटी १.५ उरलं. टक्के झाले ९७, पण एका ग्रॅमने धरलं फक्त ४.८५. टक्का वाढला आणि कार्बनचं काम जवळजवळ पाचपटीने घसरलं. म्हणून नुसते टक्के सांगणाऱ्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नका, मिग्रॅ प्रति ग्रॅम आणि शेवटी पाण्यात किती उरलं, हे दोन आकडे मागा. पुढे १० ते २०० मिग्रॅपर्यंत वेगवेगळी द्रावणं घेऊन लँगम्युअर आणि फ्रॉइंडलिशचे ग्राफ (पाण्यात किती उरलं आणि कार्बनने किती धरलं यांचं नातं) काढा, पण ज्याचा आर-स्क्वेअर (ग्राफ आकड्यांशी किती जुळतो त्याचं माप) जास्त तेच खरं असं छापून मोकळे होऊ नका, आकड्यांना काही अर्थ लागतोय का ते बघा.

पीएच

कार्बनच्या पृष्ठभागाचा भार पीएचप्रमाणे बदलतो. एका ठराविक पीएचला तो शून्य असतो, त्याच्या वर ऋण, खाली धन. हा शून्याचा बिंदू काढणं सोपं आहे: सोडियम क्लोराइडचं ०.१ मोलर द्रावण (घरचं मीठ नको, त्यात बाकीचं मिसळलेलं असतं) २ ते १० वेगवेगळ्या पीएचला लावा, प्रत्येकी ५० मिलित ०.१५ ग्रॅम कार्बन, ४८ तासांनी परत पीएच बघा, जिथे बदल शून्य तोच बिंदू.

शिसं, तांबं, निकेल, कॅडमियम हे धन आयन, त्यांना पीएच ५ ते ६ बरा. २ ला आणलं तर हायड्रोजन आयनच सगळ्या जागा अडवतात. हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं बरोबर उलटं, तो पाण्यात ऋण आयन असतो, पीएच २ च्या आसपास झपाट्याने निघतो आणि शिवाय कार्बन त्याला इलेक्ट्रॉन देऊन ट्रायव्हॅलंट (क्रोमियमचं कमी विषारी रूप) करतो, त्यातलं थोडं परत पाण्यात उतरतं. गुलाबी रंग गेला म्हणजे क्रोमियम गेला असं नाही, एकूण क्रोमियम वेगळं मोजायलाच पाहिजे.

आणि पीएच ७-८ ला गेलात तर बरेच धातू कार्बन नसतानाही हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. म्हणून प्रत्येक सेटबरोबर एक बाटली कार्बनशिवाय ठेवायची, तोच पीएच, तेवढाच वेळ, तसंच गाळणं. दुसरी बाटली नुसतं डिस्टिल्ड पाणी आणि कार्बन, म्हणजे कार्बनमधूनच काही सुटतंय का कळतं. तिसरी साध्या कोळशाची. चुलीतला कोळसा राखेसकट टाकून "देशी कार्बनने ९९ टक्के" असे दावे येतात ना, तिथे राखेने पीएच वाढलेला असतो आणि धातू त्याने खाली बसलेला असतो. या तीन बाटल्या नसतील तर बाकीच्या तीस बाटल्यांचा उपयोग नाही. शेवटचा पीएच पण लिहून ठेवा, फक्त सुरुवातीचा नको.

कॉलम

वाहत्या पाण्याला कॉलम लागतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पाइप बरा, आत काय चाललंय दिसतं. व्यास दाण्याच्या दहापट तरी हवा, नाहीतर पाणी भिंतीकडेने पळतं. दाणे ०.५ ते १.५ मिमीचे, पूड नको. खाली काचलोकर आणि धुतलेली जाड वाळू, वर कार्बन. कार्बन आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि पाण्यातच भरा, छिद्रांतली हवा निघाली नाही तर बुडबुडे अडकतात. पाणी खालून वर सोडलं तर अजून बरं. वेग असा ठेवा की कार्बनच्या थरात पाणी १० मिनिटं तरी राहील: एक लिटर कार्बन असेल तर मिनिटाला १०० मिलि. बाहेर येणारं पाणी ठराविक वेळाने तपासत राहा. बराच वेळ जवळजवळ शून्य येतं, आणि मग एकदम चढायला लागतं. वाट बघत बसू नका, दोन कॉलम एकापुढे एक लावा, पहिल्याच्या तोंडाशी धातू दिसला की पहिला काढा, दुसरा पहिल्या जागी आणा, नवीन मागे लावा.

प्लेटिंगवाल्यांसाठी

तुमच्या रिन्सच्या (माल धुण्याच्या) पाण्यावर सरळ कार्बन लावू नका, परवडणार नाही. हिशेब करा: दिवसाला १००० लिटर पाणी, निकेल १०० मिग्रॅ, म्हणजे १०० ग्रॅम निकेल. खऱ्या पाण्यात कार्बन ग्रॅमला १० मिग्रॅ धरेल असं मानलं तर रोज १० किलो कार्बन लागेल. त्यापेक्षा आधी चुन्याने पीएच वाढवून धातू खाली बसवा, क्रोमियम असेल तर आधी पीएच २-३ ला सोडियम मेटाबायसल्फाइटने ट्रायव्हॅलंट करून मग चुना, आणि वरच्या निवळीला परत पीएच लावून शेवटचा हात म्हणून कार्बन. तिथे निकेल ५ मिग्रॅ उरलं असेल तर तोच हिशेब अर्ध्या किलोवर येतो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला निकेलची मर्यादा ३ मिग्रॅ प्रति लिटर आहे, हेक्साव्हॅलंट क्रोमियमची ०.१, पण तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत) काय लिहिलंय ते बघा, तेच लागू.

आणि हे नीट वाचा: तुमच्याकडे सायनाइड बाथ असेल, झिंकचा, कॉपरचा, चांदीचा, तर त्याचं पाणी क्रोमच्या किंवा कुठल्याही अ‍ॅसिडच्या पाण्यात चुकूनही मिसळू देऊ नका. अ‍ॅसिड लागलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागेवर जातो. त्याची लाइन वेगळी, टाकी वेगळी, ट्रीटमेंट वेगळी. प्रोजेक्टला "खरं सॅम्पल" आणायला जाणाऱ्या पोरांनी पण युनिटमध्ये आधी विचारायचं, सायनाइड आहे का, आणि असेल तर ते सॅम्पल घ्यायचंच नाही.

विसर्जनाच्या हौदाचं पाणी

पुण्यातल्या पोरांना मी हा विषय मुद्दाम सुचवेन. मूर्तींच्या रासायनिक रंगांतून शिसं, क्रोमियम, कॅडमियम पाण्यात येऊ शकतं, आणि हौदाचं पाणी एका जागी असतं, नदीसारखं वाहून जात नाही, म्हणजे आधी-नंतर मोजता येतं. पण लॅबच्या द्रावणासारखे आकडे इथे येणार नाहीत. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हौदात कॅल्शियम इतकं असतं की कार्बनवरच्या जागांसाठी ते धातूंशी भांडतं. एनसीएलने (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) अमोनियम बायकार्बोनेटने मूर्ती विरघळवायची जी पद्धत काढली, ती ज्या हौदात किंवा बादलीत वापरली असेल तिथे अजून वेगळं: पाण्यात अमोनिया असतो, तो तांबं-निकेलला धरून विरघळलेलंच ठेवतो, कार्बनकडे सोडत नाही. म्हणून हौदाच्या पाण्याची आधी कॅल्शियम, पीएच आणि अमोनियाची टेस्ट करा, मग त्याच पाण्यात ठरावीक धातू घालून बॅच लावा आणि डिस्टिल्ड पाण्यातल्या आकड्याशी ताडून बघा. आकडा अर्धा आला तरी तो जास्त कामाचा आहे, आणि परीक्षकांना तसं ठामपणे सांगा.

वापरलेल्या कार्बनचं काय

आता हा कोळसा म्हणजे घातक कचरा. कुंडीत नाही, बागेत खत म्हणून नाही, घंटागाडीत नाही, आणि जाळायचा तर नाहीच, शिसं-कॅडमियम धुरातून छातीत जातं. पुन्हा वापरायचा असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये दोन-तीन तास हलवा, बराचसा धातू सुटतो, धुवून परत वापरा, दर वेळी क्षमता थोडी कमी होते. पण मग धातू त्या अ‍ॅसिडमध्ये आला, तेही सिंकमध्ये जाणार नाही. चुन्याने पीएच ९ च्या आसपास न्या, साका बसू द्या, गाळा, निवळी परत तपासा. शेवटी हातात थोडासा साका उरतो, तेवढाच सांभाळायचा.

युनिटवाल्यांनी हा साका आणि कार्बन रांजणगावच्या सामायिक घातक कचरा केंद्राला द्यायचा, मेंबरशिप आणि मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याची नोंद) ठेवायचं, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रिटर्न भरताना ते लागतंच. कॉलेजमध्ये माल ग्रॅममध्ये असतो, म्हणून लोक कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळे होतात. तसं करू नका, जाड प्लास्टिकची रुंद तोंडाची एक बरणी लॅबमध्ये कायमची ठेवा, वर्षभराचा सगळ्या बॅचचा कार्बन, फिल्टर पेपर, साका त्यात, आणि वर्षाच्या शेवटी डिपार्टमेंटने अधिकृत एजन्सीला द्यायची. बरणीवर लेबल लावा आणि पेनने नाही, परमनंट मार्करने लिहा: कोणता धातू, अंदाजे किती मिलिग्रॅम, अ‍ॅसिड लागलंय का, तारीख, आणि कोणाला विचारायचं त्याचं नाव. क्रोमियमची बरणी वेगळी ठेवा.